कोळसा जाणार, सोलर येणार: आपल्या नागपूरच्या वाट्याला काय?

नागनदीकाठी (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ८:५५

मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. आपला जिल्हा छतावरच्या सोलरमध्ये राज्यात पुढे आहे. मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही गच्चीवर चढा, पाच-दहा घरांवर पॅनेल दिसतातच. त्याच वेळी कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच येताहेत. त्याची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली. शहरातले पर्यावरणवाले एका बाजूला आणि रोजगार मागणारे गावकरी दुसऱ्या बाजूला, असे आपलेच लोक तिथे समोरासमोर उभे होते.

कोराडी, खापरखेडा, मौदा, शिवाय शेजारी चंद्रपूर, सगळीकडे कोळशावरची वीजकेंद्रं. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. कोळसा इथला, राख इथली. आता देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलंय, म्हणजे हे सगळं कधीतरी आवरावं लागणार. माझं मत स्पष्ट आहे: कोळसा टप्प्याटप्प्याने बंद व्हावा आणि नवे संच नकोत. पण ज्या गावांनी चाळीस-पन्नास वर्षं राख झेलली, त्यांचं आधी ठरलं पाहिजे. कोळसा आला तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. सोलर येतंय तेव्हाही कोणी विचारताना दिसत नाही.

या बदलाचा खर्च कोण भरतंय, आणि आपण नागपूरकरांनी नेमकं काय मागायचं? पक्षाचं राजकारण बाजूला ठेवून लिहा, ही विनंती.

तर्री_पोहे · रविवार, ९:२०

पहिला. विषय चांगला काढलात. वाचतोय.

खापरखेडा_पोट्टा · रविवार, ९:५२

भाऊ, तुमचा धागा वाचला. राग नका मानू, पण "बंद व्हावा" हे शहरात बसून लिहाले सोपं आहे.

माझे बाबा ठेकेदारी मजूर आहेत, कोळसा हाताळायच्या कामावर. प्लांटमधल्या पर्मनंट माणसाले उद्या संच बंद झाला तरी दुसरीकडं बदली भेटते, पेन्शन भेटते. ठेकेदारी वाल्याचा गेटपास बंद झाला का काम संपलं. त्याचं नाव बंद होणाऱ्या प्लांटच्या कोणत्याच यादीत नसते. आमच्याकडची चहाची टपरी, ट्रकचं गॅरेज, मेस, पोट्ट्यायच्या खोल्या भाड्यानं देणारे, सगळे त्याच गेटवर जगून रायले. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट आहे म्हणतात, पण त्याच्यावर किती चुली पेटतात हे कोणी मोजलं का?

राख आम्हीच खातो, तिचा त्रास तुमच्याहून जास्त आमाले आहे. पण सुनावणीत शहरातला माणूस येऊन "प्लांट नको" म्हणते अन् गाडीत बसून निघून जाते, तवा गावातल्या माणसाच्या डोक्यात जाते.

नागनदीकाठी · रविवार, १०:१५

@खापरखेडा_पोट्टा, राग कसला मानायचा? ठेकेदारी कामगारांचं नाव कुठल्याच यादीत नाही, हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा. बाबांसारखे किती जण असतील, अंदाज आहे का?

खापरखेडा_पोट्टा · रविवार, १०:२१

आकडा नाही सांगू शकत. पण पाळी सुटायच्या वेळेले गेटवर उभे रहा, पर्मनंट कमी अन् ठेकेदारीच जास्त दिसतात.

वारेगावची_मास्तरीण · रविवार, ११:४०

मी राखेच्या बंधाऱ्यांजवळच्या पट्ट्यात शिकवते. उन्हाळ्यात वारा सुटला की वर्गाच्या खिडक्या बंद कराव्या लागतात, ४५ अंशांत. बाकांवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर बसतो.

जुलै २०२२ विसरू नका. मुसळधार पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतांत गेला, ओढ्यांतून कोलार-कन्हानमध्ये उतरला आणि कन्हानवरून शहराला येणाऱ्या पाण्यावर परिणाम झाला. तेव्हा कुठे शहराला ही राख दिसली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावला (पारशिवनी तालुका) तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे आले होते आणि तिथे राख टाकणं थांबवण्याचे आदेश निघाले. म्हणजे गावाने आवाज केला की काही तरी हलतं. पण त्यासाठी मंत्र्याने चिखलात उतरावं लागतं, हे योग्य नाही.

पोट्ट्याशी मी सहमत आहे. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे वडील त्याच ठेक्यावर आहेत. ती मुलं खोकतात, आणि त्यांची फी त्याच पगारातून येते. त्यांना "पर्यावरण की रोजगार" असं विचारणं मला क्रूर वाटतं.

दादरचा_गणू · रविवार, दुपारी १२:०५

मुंबईकर म्हणून विचारतो. वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, तिला जिल्हा नसतो. कुठेतरी प्रकल्प लागणारच ना? प्रत्येक जण "माझ्याकडे नको" म्हणाला तर राज्य चालणार कसं?

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, १२:०९

गणूभाऊ, "कुठेतरी" म्हणजे दर वेळेस विदर्भातच काहून? चंद्रपूरचं केंद्र एकटं २९२० मेगावॉटचं. कोराडी, खापरखेडा, एनटीपीसी मौदा (२३२० मेगावॉट), तिरोडा. इतकी वीज करून आमच्या शेतकऱ्याले रात्री पाणी द्या लागते. २०१४ पासून ऊर्जा खातं बावनकुळे, नितीन राऊत, फडणवीस अशा नागपूर जिल्ह्यातल्याच लोकांकडं आलं. तरी राख आमच्याच दारात. म्हणून तर वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघते.

दादरचा_गणू · रविवार, १२:३०

कोळसा तिथे आहे म्हणून केंद्रं तिथे आहेत. शेकडो किलोमीटर कोळसा वाहून आणण्यापेक्षा तारेने वीज आणणं स्वस्त. यात विदर्भावर कोणाचा डूख नाही.

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, १२:३४

डूख म्हटलंच नाही. किंमत म्हटली. वीज तारेनं येते, राख येत नाही. आली असती तर दादरले हिशोब लवकर समजला असता.

संपादक मंडळ · रविवार, १२:५०

वेगळ्या विदर्भावर आधीच दोन धागे आहेत, ती चर्चा तिकडे न्यावी. इथे मूळ विषय धरून लिहावे.

तारेवरचा_माणूस · रविवार, दुपारी ३:३०

वीज क्षेत्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं तांत्रिक लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे.

२०२५ च्या मध्यात देशाच्या स्थापित वीज क्षमतेपैकी निम्मी बिगर-कोळसा, बिगर-गॅस झाली, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक आहे. सोलर दिवसाचे काहीच तास चालतं. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे ७० टक्के आहे. मे महिन्यात नागपुरात रात्री अकरालाही घरोघरी कूलर चालू असतात आणि तेव्हा छतावरचं पॅनेल शून्य देतं. ती वीज मुख्यतः कोळसा, पाणी किंवा बॅटरी यांतून येते.

म्हणून "उद्या बंद करा" म्हणणारे चुकतात. पण "म्हणून नवे संच हवेतच" हेही आपोआप सिद्ध होत नाही. नवा संच उभा राहिला की तो निदान पंचवीस-तीस वर्षं चालवावा लागतो, नाहीतर कर्ज फिटत नाही. आणि दुपारी सोलर भरपूर असताना त्याच संचाचा भार खाली आणावा लागतो. औष्णिक संचाला ही रोजची चढ-उतार मानवत नाही, बॉयलरची झीज वाढते, युनिट महाग पडतं. तो पैसा बॅटरीत आणि पाणी वर चढवून साठवण्याच्या प्रकल्पांत गेला तर संध्याकाळची गरज भागू शकते का, हे आकड्यांनिशी लोकांसमोर मांडायला हवं होतं.

नव्या संचांच्या बाजूचा युक्तिवादही सांगतो, तो खोटा नाही. जुने संच बंद करून त्यांच्या बदल्यात हे सुपरक्रिटिकल संच येणार, तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागणार. पण ज्या जुन्या संचांच्या बदल्यात ते येतात, त्यांतले काही दुसऱ्या जिल्ह्यांतले. म्हणजे धूर कमी होईल तिकडे आणि वाढेल इकडे.

आणखी एक. गंधकाच्या धुराचे नियम केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये आणले. त्यासाठीची यंत्रणा बसवायला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ती सूट नाही. आपल्याकडे मागण्यासारखं इथेच खूप आहे.

मनीषनगर_छप्पर · रविवार, ५:१०

काका, छान समजावलंत. आम्ही ३ किलोवॉट बसवलं, केंद्राचं ७८,००० अनुदान मिळालं, बिल जवळजवळ गेलं. खूप समाधान आहे. पण मीटरच्या गोंधळाने जीव नकोसा झाला होता. २०२४ च्या स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्धच्या आंदोलनाला मी स्वतः गेले होते. जूनमध्ये सरकारने सांगितलं की सामान्य ग्राहकांना ते बसणार नाहीत. नंतर टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर आले. तेच आहे की वेगळं, हे लोकांना नीट कोणी समजावलंच नाही. स्वच्छ विजेवर विश्वास बसावा असं वाटत असेल तर आधी मीटरवर विश्वास बसला पाहिजे.

भाड्याची_खोली · रविवार, ५:४५

ताई, तुमचं छप्पर आहे म्हणून. मी हुडकेश्वरला भाड्याने राहते. छप्पर घरमालकाचं, मीटर त्याच्या नावावर, अनुदानही त्यालाच. आणि दिवसा वीज स्वस्त म्हणतात, पण दिवसा मी कामावर असते. माझं वॉशिंग मशीन रात्री नऊलाच चालतं.

ज्यांना परवडतं ते ग्रिडवरून हळूहळू उतरताहेत. तारा, रोहित्रं, माणसांचे पगार हा खर्च मग उरलेल्यांवरच येणार ना? ताजबागमागच्या वस्तीत पत्र्याच्या घरावर पॅनेल कसं चढेल? मला सोलरचा राग नाही. हा हिशोब कोणी मांडत नाही, याचा आहे.

तारेवरचा_माणूस · रविवार, ६:०२

तुमची शंका रास्त आहे. दुसरी बाजू एवढीच की छतावरच्या विजेने लांबून वीज आणतानाची गळती वाचते आणि दुपारची तेवढी वीज विकत घ्यावी लागत नाही. त्यामुळे थोडा फायदा सगळ्यांना होतो. पण तो किती आणि कोणाला, हे दर ठरवताना वीज नियामक आयोगासमोर मांडावं लागतं. तिथे ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो. उद्योगवाले वकील घेऊन जातात. भाडेकरूंच्या वतीने मात्र सहसा कोणी जात नाही.

धरमपेठ_कुरडई · रविवार, ६:१५

जरा हलकं करते. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया, पापड, सरगुंडे आणि पॅनेल यांची जागेसाठी मारामारी. पॅनेलवाला मोजमाप घ्यायला आला तर आजी म्हणाली, "बाळा, ते सूर्य पंचवीस वर्षं खाणार आहे, माझ्या कुरडयांना दोन दिवस दे." शेवटी स्टँड उंच करून घेतला, आता खाली कुरडया वाळतात.

मनीषनगर_छप्पर · रविवार, ६:१८

सावलीत वाळतात का हो? :)

धरमपेठ_कुरडई · रविवार, ६:२०

कडेला वाळतात. आजीने जागा वाटून घेतलीय.

अंबिया_बहार · रविवार, रात्री ८:४०

काटोल तालुक्यातला संत्रा उत्पादक. शेतकऱ्याच्या बाजूनं लिहितो.

सोलर पंपाचं पहिलं सुख म्हणजे दिवसा ओलीत. रात्रीच्या विजेवर पाणी देणारा माणूस साप, रानडुक्कर, अन् पेंच-उमरेडकडं वाघ, सगळं अंगावर घेऊन बांधावर जातो. ते टळलं. अंबिया बहाराचा ताण तोडल्यावर, म्हंजे फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केल्यावर, उन्हाळ्यात झाडाले पाणी लागते, अन् तवाच ऊनही कडक असते. इथपर्यंत सोलर म्हणजे वरदान.

आता अडचण. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भराचे, अनुसूचित जाती-जमातीनं ५ टक्के. पंप किती अश्वशक्तीचा हे जमिनीवर ठरते: अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्याच्यावर साडेसात. पण काटोल-नरखेड पट्ट्यात पाणी कुठं गेलं हे साऱ्याले माहीत आहे. बोअर खोल खोल जात आहे. दोन एकरवाल्याचं बोअर आठशे फुटांवर असलं तर ३ अश्वशक्तीचा पंप तिथं काय करन? विहीरवाल्याले जमते, बोअरवाल्याले नाही जमत. पाणी किती खोल आहे हे विचाराचं सोडून सातबारा विचारतात.

आमच्या गावात किती जणायनं वीज जोडणीची डिमांड भरून ठेवली होती. त्यायले सांगतात का आता सोलरच घ्या. निवड शेतकऱ्याची पाहिजे ना भाऊ.

अन् एकीकडं सोलर म्हणाचं, दुसरीकडं कळमेश्वर तालुक्यात गोंडखैरीले भूमिगत कोळसा खाण. जुलै २०२३ ले त्याची जनसुनावणी झाली, गावंच्या गावं विरोधात उभी राहिली. जमिनीखालचं पाणी गेलं तर संत्रा कुठून जगन, हीच भीती. स्वच्छ विजेच्या गोष्टी सुरू असताना खाण काहून उघडता, हे आमच्या म्हाताऱ्यालेही समजत नाही.

सोनगीर · रविवार, ९:३५

मी धुळ्याचा, नोकरीनिमित्त नागपुरात. सोलर म्हटलं की आमच्याकडे आधी धर्मा पाटलांचं नाव येतं. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी. सोलर प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदला शेजाऱ्यांच्या मानाने फार कमी मिळाला. हेलपाटे घालून थकले आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. त्यातच गेले.

पॅनेलमधून धूर निघत नाही म्हणून प्रकल्प न्याय्य ठरत नाही. जमीन घेण्याची पद्धत कोळशाचीच राहिली तर वीज कितीही स्वच्छ असो, शेतकऱ्याच्या लेखी काही बदललं नाही.

उमरेड_खाणपट्टा · रविवार, १०:१०

@सोनगीर, अगदी बरोबर. उलट मी म्हणेन, कोळशात निदान दोन एकराला एक नोकरी हा नियम तरी होता. त्यासाठीही लोक वर्षानुवर्षं भांडले, आमच्या भागात अजून काही घरं वाट पाहताहेत. पण मागायला काही तरी हाताशी होतं. सोलरमध्ये पॅनेल एकदा उभं राहिलं की रखवालदार आणि पुसणारे सोडून माणूस लागत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर प्रकल्पाला भाड्याने दिलेल्या खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. जमीनमालकाला बरं आहे. पण ती जमीन जो मक्त्यानं किंवा बटईनं करत होता त्याचं काय? तिथे निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं काय? त्यांचं नाव करारात येत नाही. खापरखेड्याचा ठेकेदारी मजूर आणि ही मजूर बाई, दोघंही कागदावर नाहीतच.

आणि गायरान. सबस्टेशनजवळची सरकारी जमीन म्हणून ती आधी पाहतात. त्या गायरानावर गावातली गुरं चरतात, कित्येक ठिकाणी भूमिहीन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या कसताहेत. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळतात. चौथ्या वर्षी गुरं कुठे न्यायची?

खापरखेडा_पोट्टा · रविवार, १०:२५

मंग बंद पडलेल्या खाणीच्या जागा अन् भरलेले राखेचे बंधारे कशासाठी ठेवले? तिथं लावा ना पॅनेल. गायरान कशाले घेता.

उमरेड_खाणपट्टा · रविवार, १०:३१

हेच. मातीचे ढीग, संपलेले खड्डे, हजारो एकर पडून आहे. तिथे पेरणी होत नाही, चराईही नाही. जमीन आधीच घेतलेली, ग्रिडची लाइनही जवळ. ढिगाऱ्याची माती बसायला वेळ लागतो हे खरं, पण जुन्या ढिगांवर आणि सपाट जागांवर करता येतं. पहिला हक्क तिथल्याच विस्थापित गावांचा असावा, आणि नुसत्या रखवालदारीचा नाही, मालकीत वाटा.

तारेवरचा_माणूस · रविवार, १०:५०

कोराडी-खापरखेड्यात हे विशेष सोपं पडेल. तिथे उपकेंद्रं, उच्चदाबाच्या वाहिन्या, पाणी, वसाहती सगळं तयार आहे. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा तिकडे जातंच. जुना संच बंद झाला की त्याच्याच जोडणीवर मोठी बॅटरी बसवता येते. तिथे माणसं लागतात, प्रशिक्षण देता येतं. कोळसा हाताळणाऱ्या माणसाला एका रात्रीत नाही जमणार, पण त्याच्या आयटीआय झालेल्या मुलाला नक्की जमेल.

सदर_स्टँड · रविवार, ११:१५

अवांतर: मी टॅक्सी चालवायचो. २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सीचा गाजावाजा झाला होता, देशातला पहिला प्रयोग म्हणून. चार्जिंगला तासन् तास रांग, तेवढा वेळ धंदा बंद, हप्ता चालू. पुढच्या वर्षी बरेच जण डिझेलवर परत गेले. गाडी खराब नव्हती. चालवणाऱ्याचा दिवस कसा जातो हे आधी विचारलं असतं तर स्टेशनं आधी उभी राहिली असती. आता तेच सोलरमध्ये होऊ नये.

दादरचा_गणू · सोमवार, सकाळी ८:३०

रात्री सगळा धागा वाचला. वीज वापरणाऱ्या शहरांनी बिलात एक ठरावीक रक्कम भरावी आणि ती थेट कोळसा पट्ट्यात जावी, याला माझा पाठिंबा. @वऱ्हाडी_ठेचा, राखेवरचं पटलं.

वऱ्हाडी_ठेचा · सोमवार, ८:४१

या कधी नागपूरले. सावजी खाऊ घालतो. पाणी सोबत ठेवा.

उमरेड_खाणपट्टा · सोमवार, ९:०५

गणूभाऊ, नवा कर येईल तेव्हा येईल. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आजही आहे. २०१५ च्या कायद्याने खाणवाले रॉयल्टीशिवाय, तिच्या ठरावीक टक्क्याने जी वेगळी रक्कम भरतात, त्यातून तो जमा होतो आणि खाणबाधित भागासाठीच असतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात प्राधान्य आहे. बाधित गावांची यादी आणि खर्च मागा, ग्रामसभेत वाचून दाखवा. कोळसा संपला की हा निधीही आटणार. पुढची सोय करायची तर हीच वेळ आहे.

नागनदीकाठी · सोमवार, सकाळी ९:५०

मूळ प्रश्नावर येतो. "काय मागायचं" याला आता आकार येतोय. ठेकेदारी कामगारांची नावानिशी नोंद, संच बंद होण्याच्या निदान पाच वर्षं आधी. सोलरसाठी आधी खाणी आणि राखेच्या जागा, गायरान ग्रामसभेच्या होकाराशिवाय नाही. पंपाची ताकद पाण्याच्या खोलीवर. भाडेकरू आणि वस्त्यांसाठी सामायिक सोलर, ज्याचं श्रेय थेट त्यांच्या बिलात येईल. हे नुसतं इथे लिहून होणार नाही. कुठे द्यायचं?

वारेगावची_मास्तरीण · सोमवार, १०:२०

जनसुनावणीची पद्धत पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत आहे. निदान ३० दिवस आधी जाहीर नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. जे बोललं जातं ते इतिवृत्तात जावं लागतं आणि दिल्लीच्या तज्ज्ञ समितीसमोर ठेवलं जातं. तोंडी बोलण्याबरोबर लेखी द्या आणि पोच घ्या. मोठ्या भाषणापेक्षा पोच असलेला एक कागद पुढे कामी येतो.

शहरातले आणि गावातले वेगवेगळे येतात, म्हणून दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करता येतं. यापुढे एकच निवेदन, दोघांच्या सह्या.

खापरखेडा_पोट्टा · सोमवार, १०:४५

मॅडम, मी तयार आहे. ठेकेदारी वाल्यायची यादी आमी पोट्टे घरोघरी जाऊन बनवतो. नाव, काम, किती वर्षं, पीएफ कटते का नाही. ठेकेदाराले समजलं तर कामावरून काढतील म्हणून नावं बाहेर नाही देणार, आकडा देऊ.

भाड्याची_खोली · सोमवार, १०:५८

मी दक्षिण नागपुरातल्या भाडेकरूंचं बघते. नियामक आयोगाकडे हरकत कशी लिहायची, काका, मसुदा द्याल का?

तारेवरचा_माणूस · सोमवार, ११:०५

रात्री टाकतो. बिलाची एक प्रत व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवा, ग्राहक क्रमांक झाकून. स्थिर आकार आणि वहन आकार वेगळे दाखवून लिहू.

अंबिया_बहार · सोमवार, ११:३०

काटोल-नरखेडच्या बोअरची खोली मी गोळा करतो. सातबारा सोबत जोडू का?

तारेवरचा_माणूस · सोमवार, ११:३४

सातबारा नको. गट क्रमांक, बोअरची खोली, पाणी किती फुटांवर आणि मंजूर पंप किती अश्वशक्तीचा, एवढंच पुरे.